वरच्या सुराला जाऊन पडणारा माणूस

जाझच्या इतिहासाचं कुठलंही पुस्तक उघडा, रॉय एल्ड्रिज हा अमेरिकन ट्रम्पेटवाला त्यात असतोच. पण कुठे असतो, तर लुई आर्मस्ट्राँगचं प्रकरण संपलेलं असतं, डिझी गिलेस्पीचं सुरू व्हायचं असतं, आणि त्या मधल्या जागेत याचे दोन-तीन परिच्छेद. लुई आणि डिझी या ट्रम्पेटच्या दोन बड्या लोकांना जोडणारा दुवा, असं एक वाक्य टाकतात आणि पुढे जातात. मला या दुवा प्रकरणाचा मनापासून राग येतो. चूक नाहीये ते, लुईकडून घेतलं आणि डिझीला दिलं हे खरंच आहे, पण पन्नास वर्षं एक माणूस जीव खाऊन ट्रम्पेट फुंकतो आणि शेवटी त्याची ओळख काय, तर हा दोन मोठ्या माणसांच्या मधे उभा होता. आपल्याला कुणी असं म्हटलं तर चालेल का?

मी काही जाझची जाणकार वगैरे नाही. ऐकते, भरपूर ऐकते, आणि ऐकताना एखादा माणूस आवडला की मग त्याचं जे मिळेल ते वाचत सुटते. रॉय आवडला तो त्याचा सूर फुटतो म्हणून. खरंच. 1937 सालचं त्याचं 'हेकलर्स हॉप' नावाचं रेकॉर्डिंग आहे, तीनेक मिनिटांचं, ते हेडफोन लावून ऐका. खालच्या सुरांत असतो तोवर आवाज छान भरीव, मग पळायला लागतो आणि इतका पळतो की हा ट्रम्पेट आहे की सॅक्सोफोन असा प्रश्न पडावा, आणि मग वर चढतो, आणि जसजसा वर चढतो तसतशी त्या आवाजाला एक खरखर यायला लागते, घशातून आल्यासारखी, आणि सगळ्यात वरच्या सुराला तो पोचेल की नाही हे शेवटच्या क्षणापर्यंत आपल्याला माहीत नसतं आणि बहुतेक त्यालाही नसावं. कधी पोचतो, कधी सूर चिरकतो. चिरकला तरी गडी थांबत नाही, दुसऱ्या बाजूने परत चढायला लागतो.

ट्रम्पेटला खटके फक्त तीन. बाकी सगळं काम ओठांचं आणि दमाचं. एकाच खटक्यावर पाच-सहा वेगवेगळे सूर निघू शकतात, कुठला निघणार हे ओठ किती आवळलेत आणि हवा किती जोरात सोडलीय यावर ठरतं, आणि वरच्या पट्टीत हे सूर एकमेकांच्या इतके जवळ येतात की ओठ जरासा इकडचा तिकडे झाला की भलताच सूर लागतो, सगळ्यांना ऐकू जाईल असा. म्हणून बरेच शहाणे ट्रम्पेटवाले वर जाताना मोजूनमापून जातात, जिथली खात्री आहे तिथेच. रॉयला मोजणं जमलंच नाही कधी.

जन्म 30 जानेवारी 1911, पिट्सबर्ग. पोलादाच्या कारखान्यांचं हे शहर, पण तिथून निघालेले संगीतकार मोजायला बसलात तर थक्क व्हाल, अर्ल हाइन्स तिकडचा, केनी क्लार्क, आर्ट ब्लेकी, एरॉल गार्नर सगळे तिकडचे. रॉयचे वडील घोडागाडीवर मालाची ने-आण करायचे. आई पियानो वाजवायची, कानाने, एकदा ऐकलं की वाजलं, आणि रॉय म्हणायचा की आपल्याकडे ते आईकडून आलं. पाचव्या वर्षी पियानो, सहाव्या वर्षी ड्रम्स. ट्रम्पेटकडे वळवलं मोठ्या भावाने. हा ज्यो एल्ड्रिज स्वतः अल्टो सॅक्सोफोन वाजवायचा, चांगला शिकलेला, शिस्तीचा माणूस. रॉयला नोटेशन वाचायचा कंटाळा. कानाने येतंय ना, मग कशाला वाचायचं! नववीत शाळेतून काढून टाकलं आणि सोळाव्या वर्षी साहेब एका फिरत्या शोबरोबर घरातून निघाले. तो शो ओहायोतल्या यंग्जटाउनला जाऊन बंद पडला. मग ग्रेटर शीझली कार्निव्हल नावाच्या फिरत्या जत्रेत शिरला, पण मेरिलँडमधल्या कंबरलँड गावात काळ्या लोकांशी जे वागणं पाहिलं त्याने पोरगं इतकं हादरलं की सरळ घरी परत आलं.

पण या सगळ्या भटकंतीत एक फार महत्त्वाची गोष्ट त्याने करून ठेवली होती. 1926 साली फ्लेचर हेंडरसनच्या बँडची 'स्टँपीड' नावाची रेकॉर्ड आली होती, तिच्यात कोलमन हॉकिन्सचा टेनर सॅक्सोफोनवरचा सोलो आहे. हा सोलो रॉयने सूर न् सूर पाठ केला, ट्रम्पेटवर. आता सॅक्सोफोनला वीसेक चाव्या, बोटं फिरवली की सूर पळतात, त्यामुळे सॅक्सोफोनवाल्याच्या मनात सूर जसे येतात तसे ट्रम्पेटवाल्याच्या मनात येतच नाहीत. ट्रम्पेटवाला मुळात मोजके आणि ठसठशीत सूर लावणारा प्राणी. आणि हा पोरगा सॅक्सोफोनची धाव तीन खटक्यांवर बसवत होता. याच सोलोच्या जोरावर त्याला त्या दिवसांत नोकरी मिळाली म्हणतात, आणि मिळणारच, ऐकणाऱ्याने ट्रम्पेटवर असलं काही आधी ऐकलंच नसणार.

1930 च्या शेवटी न्यूयॉर्क. एल्मर स्नोडेनच्या बँडमधे असताना ऑटो हार्डविक नावाच्या सॅक्सोफोनवाल्याने त्याला 'लिटल जाझ' म्हणायला सुरुवात केली, कारण मूर्ती लहान आणि वाजवायचं थांबतच नाही. हे नाव जन्मभर चिकटलं. वेग होता, ताकद होती, आणि आपण फार भारी आहोत ही खात्रीही होती. मग 1932 साली हार्लेममधल्या, म्हणजे न्यूयॉर्कच्या काळ्या वस्तीतल्या, लाफायेट थिएटरात त्याने लुई आर्मस्ट्राँगला समोर बसून ऐकलं. तोपर्यंत त्याला लुईचं एवढं काही वाटत नव्हतं, म्हणजे हा तरुण पोरगा, सगळ्यांपेक्षा फास्ट, त्याला ते लुईचं सावकाश वाजवणं काय कळणार. त्या दिवशी कळलं. लुई एक गाणं घेतो, साधंसं सुरू करतो, हळूहळू रचत नेतो आणि शेवटी अशा जागी नेऊन ठेवतो की लोक खुर्चीतून उठतात. सुरांना सुरुवात असते, मधला भाग असतो, शेवट असतो. यानंतरचा रॉय म्हणजे हॉकिन्सची धाव आणि लुईची गोष्ट सांगायची रीत, दोन्ही एकाच माणसात, आणि त्यावर स्वतःची ती खरखर.

आता स्विंगबद्दल थोडं, नाहीतर पुढचं कळणार नाही. 1935 ते 1945 हा साधारण त्याचा काळ. चौदा-सोळा जणांचे बँड, लिहिलेलं संगीत, प्रचंड मोठे बॉलरूम आणि तिथे शेकडो जोडपी नाचतायत. हे तेव्हाचं अमेरिकेचं पॉप म्युझिक होतं, सिनेमाच्या गाण्यासारखं घराघरात रेडिओवर वाजणारं. ट्रम्पेटवाले तीन-चार जण एका रांगेत बसायचे, सगळे मिळून लिहिलेलं वाजवायचे आणि मधेच एकाने उठून आठ किंवा सोळा बार, म्हणजे चार-चार मात्रांची तेवढी आवर्तनं, मोकळी वाजवायची, मग परत खाली बसायचं. रेकॉर्डची एक बाजू तीन मिनिटांची, त्यात गाणारी बाई, त्यात बँड, म्हणजे सोलोला मिळणार किती, अर्धा मिनिट! त्या अर्ध्या मिनिटात माणसाची किंमत ठरायची.

आपल्या कानांना हे अगदीच परकं नाही बरं का. 1930 च्या दशकात मुंबईच्या ताजमधे अमेरिकेचे काळे वादक येऊन वाजवत होते, क्रिकेट स्मिथ नावाचा जुना ट्रम्पेटवाला त्यातलाच, आणि त्यांच्याकडून आपल्या गोव्याच्या पोरांनी भराभरा उचललं. आल्डोन्याचा अँटोनियो झेवियर वाझ, म्हणजे चिक चॉकलेट, मुंबईचा आर्मस्ट्राँग म्हणूनच ओळखला जायचा. सी. रामचंद्रांनी, म्हणजे आपल्या चितळकर अण्णांनी, 1951 च्या 'अलबेला'त त्याला घेतला. 'शोला जो भडके'वर आपण सगळे लग्नाच्या वरातीत नाचलोय, तेव्हा स्विंग आपल्या पायात कधीच शिरलेला आहे, आपल्याला फक्त त्याचं नाव माहीत नव्हतं. पण चिकचा देव लुई होता. रॉयची ती वेडीवाकडी धाव आपल्या सिनेमाच्या गाण्यांत मला तरी कुठे सापडलेली नाही. असो.

1935 साली रॉय टेडी हिलच्या बँडमधे आला, सॅव्हॉय बॉलरूममधून या बँडचं वाजवणं रेडिओवर जायचं, आणि ते ऐकायला रोज कान लावून बसणाऱ्यांत एक सतरा-अठरा वर्षांचा पोरगा होता, जॉन बर्क्स गिलेस्पी, पुढचा डिझी. रॉय आमच्या पिढीचा तारणहार होता, असं डिझीने नंतर म्हटलंय. त्याच वर्षी जुलैत टेडी विल्सन या पियानोवाल्याने बिली हॉलिडे या गायिकेला घेऊन जी पहिली रेकॉर्डिंग केली त्यातही रॉय आहे. 1936 ला फ्लेचर हेंडरसन, म्हणजे ज्या बँडच्या रेकॉर्डवरून तो शिकला त्याच बँडमधे पोचला. मग शिकागोत थ्री ड्यूसेस नावाच्या क्लबात स्वतःचा आठ जणांचा बँड, अल्टोवर भाऊ ज्यो, ड्रम्सवर झटी सिंगलटन. 'हेकलर्स हॉप' तिथलंच. माझ्या मते त्याचं सगळ्यात बेफाम वाजवणं या दोन वर्षांतलं आहे, पुढे तो जास्त शहाणा झाला, जास्त खोल झाला, पण एवढा बेफाम नाही.

आणि एवढं सगळं चाललेलं असताना 1938 साली माणसाने ट्रम्पेट ठेवून दिला आणि रेडिओ इंजिनिअरिंग शिकायला गेला! गोऱ्या-काळ्याच्या भेदाला कंटाळून. हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा दोनदा वाचलं. देशातला सगळ्यात तगडा ट्रम्पेटवाला, वय सत्तावीस, आणि तो सोल्डरिंग आयर्न घेऊन सर्किट जोडत बसलाय. फार दिवस टिकलं नाही, 1939 ला परत आला, पण इलेक्ट्रॉनिक्सचा नाद त्याला जन्मभर राहिला.

रॉयचा खरा स्वभाव कळतो तो रात्रीच्या जॅम सेशनमधे. बॉलरूमचं काम मध्यरात्रीनंतर संपायचं आणि मग हार्लेममधल्या एखाद्या छोट्या जागेत वादक जमायचे, तिथे लिहिलेलं काही नाही, मालक नाही, नाचणारे नाहीत, फक्त एकमेकांना हरवायचं. आपल्याकडे कलगी-तुऱ्याचे शाहीर समोरासमोर बसायचे, एकाने कोडं घालायचं, दुसऱ्याने सोडवून वरचढ कोडं टाकायचं, आणि उजाडेपर्यंत कुणी हार मानायची नाही, अगदी तेच. रॉयला याचं व्यसन होतं. गावात कुणी नवा ट्रम्पेटवाला आलाय असं कळलं की हा वाद्य घेऊन हजर. तरुणपणी मिलवॉकीत जॅबो स्मिथकडून मार खाल्ला होता, ते तो कधी विसरला नाही, त्यानंतर आयुष्यभर पुढच्याच्या वर एक सूर चढवून दाखवायची खोड.

1940 नंतर या लढाया हार्लेममधल्याच मिंटन्स प्लेहाउस या क्लबात व्हायला लागल्या, आणि नशिबाची गंमत बघा, तिथला मॅनेजर कोण, तर तोच टेडी हिल. आणि समोर कोण, तर डिझी. ज्या पोराने रेडिओला कान लावून रॉयचे सोलो पाठ केले, 1937 ला टेडी हिलच्या बँडमधे घेतला गेला तोही रॉयसारखं वाजवतो म्हणूनच, तो आता रॉयच्या समोर उभा राहून रॉयला न कळणारे सूर लावत होता. पियानोवर थेलोनियस मंक, ड्रम्सवर केनी क्लार्क, ज्या स्वरावलींवर रॉय मोठा झाला त्या त्यांनी मोडून नव्या बांधल्या होत्या. आणि एका रात्री डिझीने रॉयला हरवलं. म्हणजे तिथे हजर असलेल्यांनी पुढे सांगितलंय तसं. शागिर्दाने उस्तादाला हरवण्याच्या गोष्टी आपण फार कौतुकाने सांगतो, उस्तादाने खुश होऊन पाठ थोपटली वगैरे. रॉय खुश झाला असेल असं मला मुळीच वाटत नाही. त्याचं वय तेव्हा तीसच्या आसपास. डिझीपेक्षा फक्त पावणेसात वर्षांनी मोठा. म्हातारा होऊन हरणं वेगळं आणि ऐन भरात असताना एकदम जुना ठरणं वेगळं.

याच काळात तो बाहेरच्या जगात मात्र स्टार होत होता. 1941 च्या वसंतात जीन क्रुपा या ड्रमवाल्याने त्याला आपल्या बँडमधे घेतलं. क्रुपा गोरा, बँड गोरा. आता त्याआधी बेनी गुडमन या दुसऱ्या गोऱ्या बँडवाल्याने टेडी विल्सन आणि लायनल हॅम्प्टनला घेतलं होतं, पण ते ट्रायो नाहीतर क्वार्टेट म्हणून, मुख्य बँड थांबल्यावर वेगळे यायचे. रॉय मात्र ट्रम्पेटच्या रांगेत बाकीच्यांबरोबर बसणारा, रोजचा मेंबर. हे जवळजवळ पहिल्यांदाच घडत होतं. आणि समोर गायला अनिता ओडे, बावीस-एक वर्षांची, गाऊन घालायला नकार देऊन बँडवाल्यांसारखंच जॅकेट घालून उभी राहणारी. 'लेट मी ऑफ अपटाउन' या गाण्यात ती आणि रॉय गप्पा मारतात, चेष्टामस्करी करतात, आणि मग ती त्याला ओरडून वाजवायला सांगते आणि हा जो काय सुटतो! याची छोटी फिल्म यूट्यूबवर आहे. आज बघताना काहीच वाटत नाही, गोड वाटतं. पण 1941-42 च्या अमेरिकेत एक गोरी तरुण मुलगी आणि एक काळा माणूस स्टेजवर बरोबरीने थट्टा करतायत, हे कित्येक ठिकाणी लोकांना पचणारं नव्हतं.

आणि स्टेजवरून खाली उतरल्यावर? बँड हॉटेलात, रॉयला खोली नाही. त्याच्या नावाने बुकिंग असायचं, काउंटरवर तोंड दिसलं की खोली भरलेली निघायची. बँड जेवायला बसला, रॉयला वाढणार नाहीत. पेनसिल्व्हेनियात यॉर्क गावात एका रेस्टॉरंटवाल्याने असंच केलं तेव्हा क्रुपाने त्याला ठोसा लगावला आणि स्वतः पोलिसांच्या तावडीत सापडला. क्रुपा भला माणूस, पण रोज किती ठोसे मारणार. रॉयने नंतर सांगितलंय की एका रात्री 'रॉकिंग चेअर' वाजवताना तो ताण मानेपर्यंत चढत आला, अंग थरथरायला लागलं, स्टेजवरून पळत गेला आणि ओकला. डॉक्टरकडे नेलं तर ताप 105. आणि हे 'रॉकिंग चेअर' म्हणजे त्याचं सगळ्यात गाजलेलं गाणं, रोज रात्री लोक मागणार आणि रोज रात्री ते वाजवावं लागणार.

1943 ला क्रुपाचा बँड फुटला. 1944 ला रॉय आर्टी शॉच्या बँडमधे गेला, परत गोराच बँड. पैसे चांगले होते, आणि माणूस एकदा पडला म्हणून दुसऱ्यांदा चढायचा थांबेल तर तो रॉय कसला. तिथला प्रसंग तर जाझच्या लोकांत सगळ्यांना पाठ आहे. डान्स होता, हॉलबाहेर पाटीवर मोठ्या अक्षरांत नाव, रॉय 'लिटल जाझ' एल्ड्रिज, आणि दारावरचा माणूस म्हणतो हा गोऱ्यांचा कार्यक्रम आहे, तुला आत जाता येणार नाही. याने पाटी दाखवली, मीच तो म्हणून सांगितलं. आपल्याकडच्या वाचकाला यातलं काही समजावून सांगायची गरज नाही. शेवटी आत सोडलं, तो पहिला सेट त्याने रडू दाबत वाजवला आणि सेट संपेपर्यंत डोळ्यांतलं पाणी गालांवरून वाहत होतं. स्टेजवर असतोस तोवर ग्रेट, खाली उतरलास की कुणीच नाहीस, ना त्या नावाला अर्थ ना पैशाला, परत कधीच नाही, असं तो म्हणाला.

म्हणाला खरा, पण 1949 ला थोडे दिवस क्रुपाकडे आणि 1950 ला बेनी गुडमनबरोबर युरोपला गेलाच. यावरून त्याला नावं ठेवणारे आहेत. मला नाही ठेवावीशी वाटत, स्वतःचा मोठा बँड 1946 मधे काढून बघितला होता, चालला नाही, मोठ्या बँडचे दिवसच भरले होते, घर चालवायचं तर जिथे पगार आहे तिथे जावं लागतं.

तर 1950. गुडमनचा दौरा संपला, बाकीचे परत गेले आणि रॉय पॅरिसमधे राहिला, साधारण वर्षभर. तिकडे त्याला कुठल्याही दारातून आत जाता येत होतं हा एक भाग झाला, पण मला जास्त महत्त्वाचा वाटतो तो दुसरा भाग. न्यूयॉर्कमधे तोपर्यंत असं झालं होतं की बीबॉप, म्हणजे डिझी-मंक मंडळींचं ते मिंटन्समधलं नवं संगीत, वाजवत नसशील तर तू जुनाट. रॉयने तसं वाजवायचा प्रयत्नही करून बघितला होता, आणि ज्याने डिझीला घडवलं त्याने डिझीची नक्कल करायची म्हणजे किती लाजिरवाणं. पॅरिसमधे लोक त्याला ऐकायला येत होते ते तो रॉय एल्ड्रिज आहे म्हणून. हळूहळू त्याच्या लक्षात आलं की आपण आपल्यासारखंच वाजवायला हरकत नाही. ऐकायला किती सोपं वाटतं ना! 1951 मधे त्याने क्लोद बोलिंग या तरुण फ्रेंच पियानोवाल्याबरोबर दोनच वाद्यांची रेकॉर्डिंग केली, फक्त ट्रम्पेट आणि पियानो, गाणी चक्क लुई आर्मस्ट्राँगच्या जुन्या जमान्यातली. 'वाइल्ड मॅन ब्ल्यूज' ऐका त्यातलं. पाठीशी ना बँड ना ड्रम्स, लपायला कुठे जागाच नाही, आणि हा माणूस एकदम मोकळा, सावकाश, खालच्या सुरांत रेंगाळतोय. वर जातो तेव्हासुद्धा कुणाला हरवायला जातोय असं वाटत नाही.

परत आल्यावर त्याने एक उद्योग केला जो मला फार आवडतो. डाउन बीट या जाझच्या मासिकात लेनर्ड फेदर नावाचा समीक्षक वादकांना डोळे बांधल्यासारखं, म्हणजे नाव न सांगता, रेकॉर्ड ऐकवून ओळखायला लावायचा. रॉयने त्याच्याशी पैज लावली की काळा वाजवतोय की गोरा हे मी नुसतं ऐकून सांगतो. आणि साफ आपटला. कित्येक चुकले, कित्येक सांगताच येईनात. शेवटी कबूल केलं की बाबा तुझं बरोबर, नाही कळत. हे लोक आता असं सांगतात की बघा, कलेला रंग नसतो वगैरे. मला त्यात वेगळंच दिसतं. ज्या माणसाला रंगापायी इतकं सोसावं लागलं त्याला कानालाही तो रंग ऐकू येत असणार असं वाटणं किती साहजिक आहे, आणि तरी तो छापील मासिकात, सगळ्या जगासमोर ही पैज लावतो आणि हरल्यावर हरलो म्हणतो. वरच्या सुराला जाताना करायचा तेच इथेही केलं.

पुढची वर्षं नॉर्मन ग्रॅन्झची. जाझ ॲट द फिलहार्मनिक नावाने ग्रॅन्झ मोठमोठ्या वादकांना घेऊन देशभर फिरायचा आणि प्रेक्षकांत काळे-गोरे वेगळे बसवायचे असतील तर कार्यक्रम होणार नाही असं करारात घालायचा. या ग्रॅन्झने रॉयबद्दल जे म्हटलंय ते मला सगळ्या पुस्तकांतल्या दुव्यापेक्षा पटतं. परिस्थिती कशी का असेना, हा दर वेळी जीव तोडून वाजवतो, आणि सेफ वाजवण्यापेक्षा एखादं शिखर गाठायचा प्रयत्न करून तोंडावर आपटणं त्याला जास्त महत्त्वाचं वाटतं, आणि जाझ म्हणजे हेच, असं काहीसं तो म्हणाला होता.

8 डिसेंबर 1957 चा एक टीव्ही कार्यक्रम आहे, 'द साउंड ऑफ जाझ', न्यूयॉर्कहून सीबीएसवर थेट दाखवलेला. त्यात बिली हॉलिडे 'फाइन अँड मेलो' गाते आणि तिच्याभोवती उभे असलेले एकेक जण सोलो घेतात. सॅक्सोफोनवर बेन वेबस्टर, मग लेस्टर यंग, त्याच्या सोलोला बिलीचा चेहरा बघण्यासाठीच लोक ही क्लिप बघतात आणि बरोबरच आहे. पण शेवटपर्यंत थांबा. हॉकिन्स वाजवतो, तोच हॉकिन्स, आणि त्याच्यानंतर रॉय. बाकी सगळे मऊ, जखमी, सांभाळून वाजवत असतात. हा आला की सुरुवातीला तोही तसाच, आणि मग बघता बघता वर, थेट वर, सूर ताणून किंचाळेपर्यंत. काही लोकांना हे खटकतं, इतक्या हळव्या गाण्यात हे काय. मला नाही खटकत. त्या गाण्यातली बाई ज्या माणसाबद्दल तक्रार करतेय त्याच्यावर कुणीतरी ओरडायला हवंच होतं.

1960 ला न्यूपोर्टच्या मोठ्या फेस्टिव्हलवर नाराज होऊन चार्ल्स मिंगस आणि मंडळींनी बाजूलाच स्वतःचा बंडखोर फेस्टिव्हल भरवला, तिथेही रॉय होता, आणि मिंगस, एरिक डॉल्फी या पुढच्या लोकांबरोबर त्याने रेकॉर्डही केली. मग गायिका एला फिट्झजेराल्डच्या मागे दोनेक वर्षं, थोडे दिवस काउंट बेसीच्या बँडकडे. आणि सत्तरचं जवळजवळ अख्खं दशक न्यूयॉर्कच्या 54 व्या रस्त्यावर जिमी रायन्स नावाच्या क्लबात. इथे टुरिस्ट यायचे, त्यांना न्यू ऑर्लिन्सची जुनी ठरलेली गाणी हवी असायची, आणि हा तीच गाणी रात्रीमागून रात्री वाजवायचा. ऐकायला उदास वाटतं, पण तिथे जाऊन आलेले सांगतात की साठी उलटलेला माणूस तिथेही अंगावर आल्यासारखा वाजवायचा, समोर चार जण असोत की चाळीस. 1978 ला प्रेसिडेंट कार्टरनी व्हाइट हाउसच्या हिरवळीवर जाझचा कार्यक्रम ठेवला तेव्हा बोलावलेल्यांत रॉयही होता.

1980 ला हार्ट अटॅक आला आणि डॉक्टरांनी ट्रम्पेट बंद केला. वर चढायचं म्हणजे सगळा जोर छातीवर, ते शक्यच नव्हतं. मग तो गायचा, अधूनमधून पियानो वाजवायचा, ड्रम्स वाजवायचा. फेब्रुवारी 1989 मधे बायको व्हायोला गेली आणि त्यानंतर तीनेक आठवड्यांत, 26 तारखेला, रॉय गेला.

कुणाला ऐकायचा असेल तर सुरुवात 1937 च्या शिकागोपासून करा, 'हेकलर्स हॉप' आणि 'आफ्टर यू हॅव गॉन', त्याशिवाय पुढचं काही कळायचं नाही. मग क्रुपाबरोबरचं 'रॉकिंग चेअर', मग पॅरिसचे ते पियानोबरोबरचे तुकडे. आणि 'रॉय अँड डिझ', 1954 चं, ग्रॅन्झने या दोघांना एका स्टुडिओत समोरासमोर उभं केलं तेव्हाचं, ते सगळ्यात शेवटी ठेवा, कारण तोवर दोघांचे आवाज वेगळे ओळखता यायला लागलेले असतात. आळीपाळीने वाजवतायत, एकमेकांची वाक्यं तोडतायत, मधेच रॉय डिझीच्या वर चढायला जातो आणि डिझी बाजूने निसटतो. जिंकलं कोण ते मला विचारू नका, मी रॉयच्या पार्टीची आहे.